खडीच्या फाट्यावरचा पूल

बोईसरच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं आरेखक म्हणून काम केलं. सगळं आयुष्य रेषा ओढण्यात गेलं म्हणून असेल, कुठे सरळ रेष दिसली की माझी नजर तिथे अडकते. निवृत्तीच्या वर्षी सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका गावात, जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. जेवण झाल्यावर मांडवामागे हात धुवायला गेलो आणि समोर भाताच्या खाचरांमधून गेलेला एक बांध दिसला. खाचरांचे बांध जमिनीच्या उताराप्रमाणे वळत जातात. हा मात्र पट्टी लावून आखल्यासारखा डोंगराकडे गेला होता आणि लांब जाऊन अगदी सावकाश, एका मापात वळला होता. बैलगाडीच्या वाटेला असं वळण नसतं.

सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तो खडीचा फाटा. फार पूर्वी वैतरणेकडच्या कामांना दगड आणि खडी लागायची, तेव्हा कुण्या ठेकेदाराने डोंगरातल्या खाणीपर्यंत लहान रूळ टाकले होते. खाण संपली, ठेकेदार गेला, मागाहून रूळही गेले. बांध तेवढा राहिला. लोक त्याच्यावरून जा-ये करतात आणि कडेला तूर लावतात.

त्या दिवशी लग्नाचे कपडे अंगावर असताना मी त्या बांधावरून अर्धा मैल चालून आलो. खाली काळ्या मातीत निळसर करडे दगड दिसत होते, सगळे एकाच मापाने फोडलेले. घरी आल्यावर बायकोने चपलांची अवस्था बघितली आणि कुठे गेला होतात म्हणून विचारलं. मी सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, घरात बसून माझ्या डब्यांवर लेबलं लावण्यापेक्षा हे बरं.

तो हिवाळा मी त्या फाट्यामागे घालवला. आठवड्यातून दोनदा सकाळची गाडी पकडून सफाळ्याला उतरायचो, रिक्षाने गावापर्यंत जायचो आणि पुढे पायी. सोबत टेप, वही, कॅमेरा आणि पाण्याची बाटली. हळूहळू फाटा सापडत गेला. एका घराचा उंबरा म्हणजे रुळाखालचा लाकडी स्लीपर होता, खिळ्यांची भोकं अजून दिसत होती. एका गोठ्यात म्हैस ज्या खुंट्याला बांधली होती तो रुळाचा तुकडा होता. करवंदीच्या जाळीत पाण्याच्या टाकीचा दगडी चौथरा सापडला, तेव्हा मी एकटाच तिथे उभा राहून हसलो होतो. कारखान्यात मी दुसऱ्यांनी ठरवलेल्या वस्तूंची चित्रं काढली. हे काम माझं होतं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी तपासणारही नव्हतं.

बांध जिथे डोंगराच्या पायाशी पोचतो तिथे एक ओहोळ आडवा येतो. पावसाळ्यात चांगलाच भरतो, पण मी पोचलो तेव्हा तळाशी टाचभर पाणी होतं. त्या ओहोळावर फाट्याचा पूल जसाच्या तसा उभा होता. दोन्ही काठांना घडीव दगडांचे खांब, मध्ये एक खांब, आणि वर दोन लोखंडी गर्डर. पत्रे जोडणारे रिव्हेट एकूणएक जागेवर. रूळ नव्हते, पण गर्डरांवर आडवे सागाचे ओंडके टाकून त्यावर कारवीच्या काठ्यांचा विणलेला कूड अंथरला होता. पलीकडे चढावर बारा-तेरा घरांचा पाडा होता. पाड्याला रस्त्याकडे यायचं तर हीच वाट. नाहीतर डोंगराच्या कडेकडेने वळसा घालून वरच्या बंधाऱ्यावरून यायचं, त्याला दीड तास लागतो.

मी गर्डरची उंची मोजत होतो तेव्हा डोक्यावर पानांचे गठ्ठे घेतलेली एक म्हातारी पलीकडून पुलावर आली आणि मध्येच थांबली. सत्तरीची असेल, पण ताठ. माझ्याकडे, टेपकडे, वहीकडे बघून तिने विचारलं, "तुमी रेल्वेचे काय?"

आता खरं सांगायचं तर तेव्हा खरं सांगायला काहीच अडचण नव्हती. पण काय सांगणार होतो? की मी कुणीच नाही, मला नाद आहे, मी बंद पडलेल्या गोष्टी मोजतो? आधीच्या गावांत असं सांगितलं तेव्हा लोक संशयाने बघायचे. कुणी म्हणे जमिनीचा दलाल, कुणी म्हणे सोनं शोधतोय. एका ठिकाणी तर मला बांधावरून खाली उतरवलं होतं. म्हणून मी म्हणालो, "तसंच समजा."

ती हसली. गठ्ठे खाली ठेवून तिने सांगितलं की तिचा बाप ह्या फाट्यावर खडीच्या डब्यांना ब्रेक लावायच्या कामाला होता. लहानपणी ती रिकाम्या डब्यात बसून खाणीपर्यंत जायची. गाडी बंद झाली तेव्हा बापाने तीन दिवस जेवण घेतलं नव्हतं. ती बोलत होती आणि मी भराभर लिहून घेत होतो. मग ती मला वर घरी घेऊन गेली, पाणी दिलं, नाचणीची भाकरी आणि चटणी दिली. घरी ती आणि तिची नात अशा दोघीच होत्या. मुलगा आणि सून भातकापणी उरकली की वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडावर परत येत. नातीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीजवळ ठेवलं होतं. नात सातवीत होती. रोज पूल ओलांडून रस्त्यापर्यंत जायची आणि तिथून टमटमने शाळेत.

तिला मी मावशी म्हणू लागलो. ती मला साहेब म्हणायची. पुढच्या फेऱ्यांमध्ये पाड्यातली इतर माणसंही ओळखीची झाली. मी आलो की कुणीतरी हाक द्यायचं, "रेल्वेवाले आले." एकदाही मी ते दुरुस्त केलं नाही. उलट त्याचा फायदाच होता. माणसं घराच्या आडोशाला टाकलेल्या वस्तू स्वतःहून काढून दाखवायची. एकाने तर फाट्याचा जुना कंदील आणून हातात दिला आणि तुमचाच आहे, न्या, म्हणाला. तो मी घेतला नाही एवढंच.

एकदा मावशीने पुलावरचा एक कुजलेला ओंडका दाखवला. मागच्या पावसात तिथून एक शेळी खाली पडून वाहून गेली होती. ती म्हणाली, साहेब, रेल्वेला सांगा ना, वर पत्रे तरी टाकून द्या, आणि कडेला धरायला नळ्या लावा. पोरं जातात-येतात. तिच्यासोबत आणखी चारपाच जण उभे होते, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सांगतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी तिला पुलाच्या मधोमध उभं केलं आणि फोटो काढला. गर्डरची लांबी कळावी म्हणून माणूस हवा होता. फोटो फार चांगला आला. सकाळचं ऊन रिव्हेटांवर पडलंय, मागे डोंगर, आणि मधे ती, हात कमरेवर ठेवून. फोटोची प्रत आणून देईन असं मी तिला कबूल केलं.

फोनवर जुन्या रेल्वेमार्गांचा नाद असलेल्या लोकांचा एक गट आहे. त्यात मी दुसऱ्यांची माहिती वाचायचो, स्वतः कधी लिहिलं नव्हतं. फेब्रुवारीत मी फाट्यावर मोठा लेख लिहिला, मी काढलेला नकाशा जोडला आणि मावशीचा फोटो सगळ्यात वर लावला. दोन दिवसांत शेकडो लोकांनी वाचलं. कुणी मला अभ्यासक म्हणालं. कुणी म्हणालं, एवढ्या वर्षांत ह्या फाट्यावर कुणी लिहिलंच नव्हतं. मी चष्मा लावून पुन्हा पुन्हा ते वाचत बसायचो. बायको म्हणाली, जेवण गार होतंय.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने मला वेगळा निरोप पाठवला. फोटोतले गर्डर अजून तसेच आहेत का, ट्रक जवळपास जाईल असा रस्ता आहे का, आणि नक्की जागा कळेल का. त्याच्या नावापुढे इंजिनाचं चित्र होतं. ट्रकबद्दल त्याने का विचारलं हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं मी म्हणू शकत नाही. आला. पण मला वाटलं, काही जण सामान घेऊन फोटो काढायला जातात, त्यांना गाडी जवळ लागते. मी स्वतःला हे कारण दिलं आणि पाच मिनिटांत त्याला नकाशावरची खूण पाठवली. वर लिहिलं की रस्त्यापासून पूल जेमतेम दोनशे पावलं आहे आणि पाड्यातली माणसं फार चांगली आहेत, माझं नाव सांगा.

नंतर माझा गुडघा दुखायला लागला आणि उन्हाळाही तापला. मार्च, एप्रिल, मे मी गेलो नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी एक फेरी मारावी म्हणून निघालो. फोटोची मोठी प्रत काढून पुठ्ठ्यात घालून घेतली होती.

बांधाच्या टोकाला पोचलो तेव्हा आधी वाटलं वाट चुकलो. दगडी खांब तीन होते. त्यांच्यावर काही नव्हतं. खांबांच्या माथ्यावरचे दगड निखळून खाली पडले होते आणि ओहोळाच्या कोरड्या तळात लोखंड कापल्याचे काळे डाग होते. सागाचे ओंडके एका बाजूला नीट रचून ठेवलेले होते. त्या नीट रचण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी तळातून उतरून पलीकडे चढलो. मावशी अंगणात शेणसडा घालत होती. मला बघून तिने हात धुतले, पाण्याचा तांब्या आणला आणि पहिलंच वाक्य बोलली, "नवा कधी बसवणार, साहेब? पाऊस आला."

मग तिने सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये सहा माणसं आली. डोक्यावर पिवळी हेल्मेटं, सोबत ट्रक आणि गॅसची नळकांडी. भर दिवसा आली, दोन दिवस काम केलं. त्यांच्याजवळ कागद होता, त्यावर पुलाचा फोटो होता आणि फोटोत ती स्वतः होती. त्यांनी माझं नाव घेतलं. पूल जुना झालाय, काढून नवा बसवायचाय असं सांगितलं. पाड्याला वाटलं मी सांगितलेलं रेल्वेने ऐकलं. म्हणून पाड्यातल्या पुरुषांनी स्वतः वरचे ओंडके उचलून बाजूला रचून दिले. बायकांनी त्या माणसांना दोन्ही दिवस भाकरी दिली. जाताना ते म्हणाले, पंधरा दिवसांत नवे गर्डर येतील.

"माझाच फोटो होता ना," मावशी म्हणाली. "मग कसं नाय म्हणायचं?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण शेजारची दोघं-तिघं येऊन उभी राहिली, त्यांनीही तेच विचारलं, आणि मी म्हणालो, "विचारून सांगतो." फोटोचा पुठ्ठा पिशवीतून बाहेर काढलाच नाही. तसाच घरी घेऊन आलो. परतताना सफाळ्याला गाडीची वाट बघत बसलो असताना मी फोन काढला. त्या इंजिनवाल्या माणसाचं खातं आता तिथे नव्हतं. मी लेख पुसून टाकला.

पुढचे पंधरा दिवस मी वेड्यासारखा हिंडलो. बोईसरला भंगाराची दुकानं एका रांगेत आहेत, तिथे एकेका दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवत गेलो. बहुतेकांनी मान हलवली. एकाने मात्र फोटो मोठा करून रिव्हेट बघितले आणि विचारलं, कब का माल है? मी एप्रिल म्हणालो. "वो तो कब का भट्टी में गया, साहब," तो म्हणाला आणि फोन परत दिला. त्यात दुष्टपणा नव्हता. त्याने मला बसायला स्टूल दिलं, बहुधा माझा चेहरा बघून.

पोलिसांकडे गेलो तर त्यांनी विचारलं, मालमत्ता कुणाची? मी म्हणालो रेल्वेची. रेल्वेच्या कचेरीत विचारलं तर म्हणाले, असा फाटा आमच्या दप्तरात नाही, खाजगी ठेकेदाराचा असेल. ठेकेदार कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या वहीत तिथे फक्त पायवाट होती. सगळे नीट बोलले. पण ज्या वस्तूला मालक नाही तिची चोरी कशी नोंदवायची हे कुणाला सांगता येईना. शेवटी माझा साधा अर्ज ठेवून घेतला. अर्जात मी फाट्याचा अभ्यासक असं लिहिलं होतं. सही करताना तो शब्द खोडला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही कोण ते त्यांना सांगितलंत का?"

मी नाही म्हणालो. ती उठून आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाऊस लागला. जुलैत एकदा गेलो तर ओहोळ दोन्ही काठ भरून वाहत होता, पलीकडे जाता आलं नाही. ऑगस्टमध्ये गावात माझ्या सहकाऱ्याकडून कळलं की मावशीच्या नातीची शाळा महिनाभर बुडाली. वरच्या बंधाऱ्याच्या वाटेने ती चारपाच दिवस गेली, एकदा पाय घसरून पडली, मग आजीने पाठवणं बंद केलं. शेवटी मुलगा पोरीला लांबच्या आश्रमशाळेत घालून आला. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. पोर जाताना रडली नाही, पण मावशी दोन दिवस घराबाहेर आली नाही असं तो म्हणाला. त्याने मला दोष दिला नाही. त्याला माहीतच नव्हतं. लग्नाच्या मांडवात मला फाट्याबद्दल सांगणाराही तोच होता.

मी पाड्यावर गेलो ते थेट ऑक्टोबरात. पाणी उतरलं होतं. हळव्या भाताची कापणी चालू होती. मुलगा आणि सून खाचरात होते, मावशी अंगणात पेंढ्या बांधत होती, शेजारची एक बाई आणि एक म्हातारा तिच्या मदतीला होते. यावेळी मी तांब्याची वाट बघितली नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, "मावशी, मी रेल्वेचा नाही. कधीच नव्हतो."

तिचे हात थांबले नाहीत. पेंढीची गाठ मारून झाल्यावर तिने विचारलं, "मग कोण तुमी?"

"कारखान्यात नकाशे काढायचो. आता घरीच असतो."

"मग पूल कशाला मोजला?"

"हौस म्हणून."

"हौस," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून ऐकल्यावर मला मान वर करवेना.

मग मी उरलेलंही सांगितलं. लेख, फोटो, तो अनोळखी माणूस, पाठवलेली खूण. फोनमधून जागा कशी पाठवतात ते सांगताना मी अडखळत होतो. तिला त्यातलं काय कळलं ठाऊक नाही. तिने एकच विचारलं, "त्यांला वाट तुमी दाखवली?"

"हो."

म्हातारा उठला आणि आपल्या घराकडे गेला. शेजारीण जमिनीकडे बघत राहिली. मावशीने दुसरी पेंढी घेतली, ती मांडीवर तशीच ठेवली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं, तरी पाणी दिलं असतं आमी."

मी निघालो तेव्हा तिने नेहमीसारखं परत या म्हटलं नाही. ओहोळाच्या तळातून चढून मी बांधावर आलो. आयुष्यात कधी कुणी मला शिवी दिली नव्हती असं नाही. पण तिच्या त्या वाक्याने जे झालं ते कुठल्याही शिवीने झालं नव्हतं. मी अख्खा बांध चालून आलो आणि दगडांकडे एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर जे केलं त्याची फुशारकी मारण्यासारखं काही नाही. मी साकवासाठी, म्हणजे ओहोळावरच्या लहान पायपुलासाठी, अर्ज केला. ग्रामसभेत उभा राहिलो. आधी स्वतःची चूक सांगितली, मग साकव मागितला. काही जण हसले, एकाने विचारलं की आता कुठला फोटो काढणार. मी ओहोळाचं माप घेतलं, दोन्ही काठांची उंची काढली, जुन्या खांबांचा उपयोग करून कमी खर्चात पायपूल कसा होईल त्याची चार पानी आरेखनं केली. इतकं नेटकं काम मी कारखान्यातही केलं नव्हतं. पाड्यातल्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्यायला घरोघर गेलो. म्हाताऱ्याने दार उघडलं नाही, दुसऱ्या फेरीला उघडलं, अंगठा दिला आणि दार लावून घेतलं. पुढे सव्वादोन वर्षं मी पालघरच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. गुडघा पुरता गेला. साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. प्रत्येकाला, मी कोण आणि माझा ह्याच्याशी काय संबंध, हे आधी सांगायचो. तसं सांगितल्याशिवाय पुढचं बोलताच येत नसे.

अखेर काम मंजूर झालं, पण साकव नाही. माझी आरेखनं फाइलमध्येच राहिली. ओहोळात सिमेंटचे चार नळ टाकून वरून काँक्रीटची बुटकी मोरी केली. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तिच्यावरून मोटारसायकलही जाते, पाड्याची सोय झाली हे खरं. पण मोरी जुन्या पुलापेक्षा पुरुषभर खाली आहे. जोराचा पाऊस झाला की ती पाण्याखाली जाते, कधी चार तास, कधी तीन दिवस. मी हे इंजिनिअरला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, मंजूर तेवढंच आहे.

नात आता बारावीत आहे. सुट्टीला येते. मागच्या दिवाळीत मी तिला पाहिलं, उंच झाली आहे, हळू बोलते. आश्रमशाळेत बरं आहे म्हणाली. पुढे नर्सिंगला जायचंय. मी तिला अभ्यासाची पुस्तकं दिली, ती तिने घेतली. मावशी शेजारी बसली होती. नात परत गेल्यावर घरात कसं वाटतं हे मी विचारू शकलो नाही. ते विचारायचा हक्क मी गमावला आहे असं मला वाटतं. मावशी मला आता साहेब म्हणत नाही, भाऊ म्हणते. हे माफ केल्यामुळे की साहेब नाही हे कळल्यामुळे, ते मला कधी समजलं नाही.

लेख पुसला तरी फोटो पुसला गेला नाही. कुणीकुणी तो उचलून ठेवला होता. वर्षा-दोन वर्षांनी तो फिरत फिरत माझ्याच फोनवर येतो, खाली लिहिलेलं असतं, विस्मृतीत गेलेला फाटा. लोक वाहवा करतात. प्रत्येक वेळी मी खाली लिहितो की हा पूल आता नाही आणि तो माझ्यामुळे गेला. कुणी उत्तर देत नाही. वैतरणेच्या अलीकडे खाडीजवळ अशाच एका जुन्या फाट्याची खूण मला गाडीतून दिसते. खाजणातून गेलेला सरळ बांध, त्यावर एक दगडी कमान. मी अजून तिथे उतरलेलो नाही.

महिन्यातून एकदा मी पाड्यावर जातो. मागच्या जुलैत गेलो तेव्हा मावशीने मागवलेलं गुडघ्याचं तेल आणि तिचा चष्मा असं सामान पिशवीत होतं. तिचे डोळे बोईसरला तपासून घेतले होते, चष्मा तयार झाला होता. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. बांधाच्या टोकाला पोचलो तर मोरी दिसत नव्हती. लालसर पाणी, त्यात फांद्या. पलीकडच्या काठावर मावशी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन उभी होती. मी येणार हे तिला माहीत होतं.

मी पिशवी वर करून दाखवली. पाणी मला गुडघ्याएवढंच वाटलं, कडेकडेने जाता येईल असं वाटलं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि एक पाय आत टाकला. ओढ माझ्या अंदाजापेक्षा जास्त होती.

"उतरू नका," ती पलीकडून ओरडली. "वर अजून पडतोय. पाणी वाढतंय."

मी पिशवीकडे बोट केलं. तिने हात हलवून नाही म्हटलं.

"चष्मा पळून नाय जात. घरी जा, भाऊ."

मी पाय बाहेर काढला आणि काठावर थांबलो. चपला पुन्हा पायात घातल्या. मग मी वळलो. रस्त्याला लागून मागे बघितलं तेव्हा ती तिथेच उभी होती, मी पाण्यात परत जात नाही ना हे बघत.